काओरची वाईन आणि बाबांची वाटी

पाहुण्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि मी आईकडे बघितलं. नांदेडच्या आमच्या घरात, बाबांच्या पुढ्यात, टेबलावर दारूची बाटली!

धाकटी बहीण फ्रान्समध्ये नोकरीला आहे. तिथल्याच एका मुलाशी तिचं जुळलं. तो मुलगा आणि त्याचे वडील आम्हाला भेटायला आले होते. काओर नावाच्या गावाजवळ वडिलांचा द्राक्षांचा मळा आहे, वाईन घरचीच. आपला शेतकरी पाव्हण्याकडे जाताना शेंगा नेतो, तशी त्यांनी ती आणली. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक आमच्या शहाणीची. बाबा पीत नाहीत एवढंही तिनं सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, बाटली शोकेसमध्ये जाऊन बसेल.

तिला भीती कळणार कशी? तिला समज येण्याआधीच बाबांनी दारू सोडली होती. मी मोठी. जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून मला कळायचं, आज किती झालीय ते. आता रोज सकाळी घरात पंचशील म्हटलं जातं. आधीची चार शीलं आई डोळे मिटून म्हणते. दारूचं पाचवं आलं की डोळे उघडून बाबांकडे बघते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आम्ही तर लग्नाच्या पंगतीत बाबांच्या हातातलं सरबतसुद्धा हुंगून बघायचो.

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "कुणी काई बोलू नका. लेकीचं जुळून राहिलंय. बाप दारुडा होता म्हणून कळलं तर?"

"आणि बाबांनी घेतली तर?"

भाकरी तव्यावर करपली तरी आईचं लक्ष नव्हतं.

बाहेर पाहुण्यांनी खिशातला स्क्रू काढून बूच उपसलं. ही वाईन म्हणे जेवणाच्या तासभर आधी उघडून ठेवायची असते, तिला हवा लागू द्यायची असते. तिला हवा लागत होती आणि इकडे आमचा जीव गुदमरत होता. आंबूस, गोडसर वास खोलीभर पसरला. मी पाण्याचं निमित्त करून सारखी बाहेर डोकावत होते. बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते आणि बाटलीकडे अजिबात बघत नव्हते. न बघण्याचीच मला जास्त भीती वाटली.

पाहुणे मळ्याचं कौतुक सांगत होते आणि धाकटी ते मराठीत सांगत होती. तिथली नदी मळ्यांना वळसे घालत जाते. द्राक्ष मालबेक जातीचं, आणि वाईन इतकी गडद की तिला जुन्या काळापासून काळी वाईनच म्हणतात. बदकाच्या मांसाबरोबर, मेंढीच्या मटणाबरोबर ती खुलते. फार तिखटाशी मात्र तिचं जमत नाही, तोंडात कडू होते.

"मंग आमच्या येसर मसाल्याच्या तिखट रश्श्याशी हिचं भांडणच हाय," बाबा म्हणाले. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

छप्पन सालच्या थंडीत तिथल्या वेली गोठून मेल्या आणि पाहुण्यांच्या वडिलांनी सगळा मळा नव्यानं लावला, असंही त्यांनी सांगितलं.

"छप्पन?" बाबा पुढे सरकले. "आमच्या बापानं बी छप्पनलाच धम्म घेतला. त्येनं बी नवंच लावलं म्हणा की."

पाहुण्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. बाबांना हा माणूस आवडला होता, हेच वाईट होतं. बाबा एकटे कधीच प्यायले नव्हते. ते नेहमी आवडत्या माणसांबरोबरच बसायचे.

जेवायला बसलो. पाहुण्यांनी स्वतःच्या आणि मुलाच्या पेल्यात वाईन घेतली. बाबांना विचारलं, तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला. मला वाटलं, सुटलो. रश्श्यानं पाहुण्यांच्या कपाळावर घाम आला होता, तरी आई आग्रहानं वाढतच होती.

जेवण संपत आलं तशी बाबांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली. उरलेला रस्सा आम्ही तसाच भुरकतो. ते पाहून पाहुण्यांचा चेहरा उजळला. त्यांच्याकडचे म्हातारे शेतकरी सूप संपत आलं की उरल्यासुरल्यात वाईन ओततात, भांडं हलवतात आणि तसंच तोंडाला लावतात. त्यांना वाटलं, हा तर आपल्यातलाच! कुणाला काही कळायच्या आत ते उठले आणि त्यांनी बाबांच्या वाटीत वाईन ओतली.

लाल तर्रीखाली रस्सा काळा झाला. आईच्या हातातला डाव तसाच राहिला. बाबांनी वाटी खाली ठेवली नाही आणि तोंडालाही लावली नाही. ओठ आणि वाटी यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर होतं.

"त्यायला सांग," बाबा धाकटीला म्हणाले, "मी लई पीत होतो. बायकोला मारलं बी. हे माझ्या पोटात गेलं तर मी पुन्हा तोच होतो."

"बाबा…"

"सांग."

धाकटीनं सांगितलं. सांगताना ती रडत होती. आईनं पदर तोंडाला लावला. तिच्या मते तिथंच सोयरीक संपली होती. पाहुण्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी बाबांच्या हातातून वाटी हळूच काढून घेतली, बाटलीला बूच मारलं आणि दोन्ही घेऊन मोरीकडे गेले. परत आले ते धुतलेली वाटी घेऊनच. ती आईपुढे धरून त्यांनी डावाकडे बोट दाखवलं. आईनं रस्सा वाढला. त्यांनी ती वाटी बाबांपुढे ठेवली, शेजारी बसले आणि आपला वाईनचा पेला दूर सारला.

हळूहळू पुन्हा बोलणं सुरू झालं. मुलगा आणि धाकटी लग्नाच्या तारखेचं काहीतरी बोलत होती. बाबा माझ्याकडे झुकले. त्यांचा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता.

"पोरी," ते पुटपुटले, "सोडून येवढी वर्सं झाली, तरी त्या वासानं मला वळखलं गं."