भंडारा न लावलेल्या तीन मेंढ्या

अंगात येणं, करणी, बाहेरचं... यावर माझा कधीच विश्वास नव्हता. नवस बोलण्यापेक्षा जनावराला वेळेवर औषध पाजावं, या मताची मी. तरी हे लिहितेय, कारण घडलं ते माझ्याच हाताखाली.

साल १९८६. वालूरजवळच्या वस्तीवर आमचं घर. गळ्यातलं डोरलं मोडून मी मानवतच्या बाजारातून बारा मेंढ्या आणल्या. घर त्यांच्यावरच चालणार होतं. नव्या मेंढराला हळदीचा भंडारा लावूनच वाडग्यात, म्हणजे कुंपणाच्या आत, घ्यायची आमची रीत, आणि तो मान सासूबाईंचा. त्या आंधळ्या होत्या. पाठीवर हात फिरवून मेंढी ओळखायच्या.

नऊ जणींना भंडारा लागला. तिघींना त्यांनी नुसतंच पुढं ढकललं.

"आत्या, तीन ऱ्हायल्या की!"

"ऱ्हायल्या न्हाईत, ठिवल्या. त्या टिकायच्या न्हाईत."

"तुमाला ढोरांच्या दवाखान्यात नोकरी लावू का?"

"लाव. पगार तू घी."

मी चिडले. तिघींना स्वतः भंडारा फासला, वर कानाला कातर मारून खूण केली — म्हातारीला खोटं पाडायचं म्हणून.

दोन वर्षं तिघी धडधाकट. मी सासूबाईंना टोमणे मारायचे. मग एक मेंढी बाभळीच्या खांबाला अंग घासायला लागली. लोकर गेली, कातडं सोललं, पाय लटपटले, मेली. मग दुसरी. मग तिसरी. तिघींचे कान कातरलेले! परभणीहून आलेल्या डॉक्टरांना रक्तात जंतू सापडला नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा खरोखर विचारलं, "आत्या, बाकीच्या?"

त्यांनी नऊच्या नऊ पाठी चाचपल्या. "ऱ्हातील."

राहिल्या.

"तुमाला कळलं कसं?"

"हाताला लागलं. काय, ते न्हाई सांगता येत."

पुढे माझी भाची जनावरांची डॉक्टर झाली. तिच्या अंदाजाने, हा जंतूशिवायचा रोग असावा — मेंदूतल्या एका प्रोटीनची घडी चुकते, ते शेजारच्या प्रोटीनला बिघडवतं. वरून काही दिसायला वर्षं लागतात. पटलं मला. "मग बाजारातून आणल्या दिवशी आंधळ्या बाईच्या हाताला काय लागलं?" मी विचारलं. तिनं प्रश्न वहीत लिहून घेतला.

सासूबाई गेल्या. आता भंडारा मी लावते... पटापट, पाठीवर हात न टेकवता. तो एखादीवर थांबायला नको.