किल्लीकाका

हे लिहायचं मी नऊ वर्षं टाळलं. आधी खटला चालू आहे म्हणून, मग बायकोचं आजारपण म्हणून, नंतर कारण न शोधताच.

मिशिगन राज्यात, ट्रॉयमधल्या आमच्या रस्त्यावरची सगळी देशी घरं भारतात जाताना किल्ली एकाच माणसाकडे ठेवत. मुलं त्यांना किल्लीकाका म्हणत. मूळचे नागपूरचे, गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले. त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्यांवर अकरा किल्ल्या टांगलेल्या. रोज सकाळी ते बंद घरांतून फिरत. तुळशीला पाणी घालत, पाइप गोठले नाहीत ना बघत. "रिकाम्या घराला करमत नाही, बाप्पा," म्हणत.

मी त्यांच्या शेजारी पंचवीस वर्षं राहिलो. मला कुणी कधी किल्ली दिली नाही. पुण्याला जाताना आमची किल्लीही बायकोने परस्पर त्यांनाच दिली. "तुम्ही आपलं हीटर बघत नाही, लोकांचं काय बघणार?" ती म्हणाली. खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

एका संध्याकाळी समोरचे मेहता किल्ली परत न्यायला आले, तेव्हा मी काकांच्या ड्राइव्हवेवर उभा होतो. "का हो, आम्ही नापास?" काकांनी विचारलं. मेहता हसले. धंद्यातल्या भागीदाराला द्यायची आहे, म्हणाले.

पंधरा दिवसांनी मेहतांचा घरातच खून झाला. कुलूप शाबूत होतं. मारेकरी दुसऱ्या राज्यातून आणल्याचा संशय, म्हणून तपास फेडरल एजंटांकडे गेला. भागीदार म्हणाला, मला किल्ली मिळालीच नाही. एजंट माझ्याकडे आले. "मेहतांना किल्ली परत दिली तेव्हा तुम्ही तिथे होता, असं शेजारचे काका सांगतात."

सगळा रस्ता ज्यांच्या भरवशावर, ते त्या दिवशी माझ्या भरवशावर होते. मला ते आवडलं. मी म्हणालो, "आठवत नाही."

आठवड्याभरात लोक किल्ल्या न्यायला लागले. "पाहुणे येताहेत, काका." "आमची दुसरी हरवली, काका." ते प्रत्येकाला चहा पाजून किल्ली देत. देशपांड्यांनी त्यांची किल्ली माझ्याकडे आणून दिली. मी ती घेतली.

आठ महिन्यांनी भागीदाराच्या फोनमधून सगळं बाहेर आलं. फेडरल कोर्टात त्याला जन्मठेप झाली. काकांवर आरोप ठेवलाच गेला नव्हता, तरी कुणी पुन्हा किल्ली आणली नाही. कुणी माझा विषय काढला तर ते म्हणत, "इंजिनिअरसाहेबांना नसेल आठवलं. या वयात होतं." मला त्या मोठेपणाचाही हेवा वाटला.

घर विकून ते मुलीकडे न्यू जर्सीत पार्सिपनीला निघाले, त्या सकाळी मी एक वाक्य पाठ करून गेलो. ते गाडीत सामान भरत होते. मला पाहून हातातली बॅग त्यांनी खाली ठेवली.

"बोला, साहेब."



"वाटेत पेनसिल्व्हेनियात बर्फ आहे म्हणतात," मी म्हणालो. "सावकाश ड्राइव्ह करा."

"करतो," ते म्हणाले आणि बॅग उचलली.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. पाठ केलेलं वाक्य एवढंच होतं: मी खोटं बोललो, मला माफ करा.