बिराप्पा मास्तरांची सकाळची फेरी

मागच्या महिन्यात लेकीच्या सासरहून, विजापूरकडून परत येताना होटगीला गाडी बदलण्यासाठी उतरलो होतो. तिथे रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याचे काम करणारा आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी समोर आला, पाया पडला, आणि हातातली झेंडी गुंडाळत म्हणाला, "गुरुजी, आपले बिराप्पा मास्तर काल गेले की." तापाचे निमित्त झाले होते. सोलापूरपर्यंतच्या थोड्या वाटेत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली, की सोमवारी शाळेची मुले गोळा करायची त्यांची फेरी आता कोण करणार... अशा वेळी असले काही सुचावे याचे मला वाईट वाटले. पण त्यांनीही पहिल्यांदा हेच विचारले असते.

बिराप्पा मास्तर मूळचे मंद्रूपचे. घरी मेंढरे, थोडी कोरडवाहू जमीन. घराण्यात शाळा शिकलेले ते पहिलेच. फळ्यासमोर त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी असे आणि शाळेचे दार ओलांडले की गावाकडची होई. मी त्याच शाळेत गणित शिकवतो. म्हणून ते मला त्रैराशिक म्हणत, आणि बायकामुलांसमोरही म्हणत. "काय त्रैराशिक, वैनींनी आज किती भाकरी घातल्या, ताळा केला का न्हाय?" असे दारातूनच विचारून मग आत येत.

आमची शाळा विणकरांच्या वस्तीत आहे. घरोघर माग, बोलणे तेलुगू, आणि पोर हाताशी आले की त्याला रहाटावर सुताच्या कांड्या भरायला बसवायचे ही रीत. अशा घरातून मूल आपणहून शाळेत येत नाही, त्याला आणावे लागते. म्हणून आम्ही शिक्षक रोज सकाळी घंटेच्या आधी आपापल्या गल्लीत फिरून मुले गोळा करत असू. हे काम कोणी सांगितलेले नव्हते. मुले आली नाहीत तर हजेरी पडते, हजेरी पडली की सरकारी ग्रँट कमी होते, हे सर्वांना ठाऊक होते इतकेच. बिराप्पा मास्तर उंबऱ्यावर छत्रीचे टोक आपटत आणि हाक न मारता उभे राहत. आतून "पंतुलु, पंतुलु", म्हणजे मास्तर आले, असा गलका होई आणि मूल बाहेर येई. मुलांच्या मागून चालायची त्यांची पद्धत होती. पुढे चालणाऱ्याला मागचे मेंढरू दिसत नाही, असे ते म्हणत.

त्या गल्लीत मल्लय्या नावाचा विणकर होता. त्याची मुलगी राजव्वा पाटीवर हिशेब करण्यात मुलग्यांना मागे टाकी. तिला शाळेत पाठवण्यासाठी बिराप्पा मास्तरांनी वर्षभर त्याच्या ओट्यावर बसून त्याचे मन वळवले होते. मल्लय्याने अट घातली होती की पंतुलुंनी स्वतः न्यायचे आणि स्वतः आणून सोडायचे. दुसऱ्या कोणाबरोबर मुलगी जाणार नाही.

पुढे स्कूल बोर्डाने ग्रँट अपुरी पडते म्हणून आमच्या पगाराला कात्री लावली. आम्हा शिक्षकांचा संघ होता आणि बिराप्पा मास्तर त्याचे अध्यक्ष होते. अर्ज झाले, भेटी झाल्या. बोर्डाचे म्हणणे एकच, पैसा नाही. नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर आमची सभा भरली. संप करावा असे काहींनी सुचवले, तेव्हा बिराप्पा मास्तर उठले. "संप केला तर उद्या दुसरे मास्तर आणतील," ते म्हणाले. "आपण शाळा सोडायची न्हाय. निस्तं पोरं आणायचं बंद करायचं. ते काय नोकरीत लिवलंय व्हय?" सगळ्यांना ती युक्ती पटली. मलाही पटली. त्यात नियमाविरुद्ध काहीच नव्हते.

पहिल्याच आठवड्यात हजेरी निम्म्यावर आली. वर्गात बसून आम्ही रिकाम्या बाकांना शिकवत होतो. बिराप्पा मास्तर वेळेवर येत, पण विणकरांची गल्ली चुकवून, लांबच्या वाटेने. एका दुपारी ते माझ्यापाशी येऊन बसले.

"त्रैराशिक, एका पोरीनं हजेरीत किती फरक पडंल?"

मी सांगितले, काहीच नाही. पण अध्यक्ष मूल आणताना दिसले, तर दुसऱ्या दिवशी सगळे आणायला लागतील आणि बोर्ड आमच्याशी बोलणार नाही.

"आन न्हाय गेलो तर ती रहाटावर बसंल."

"बसेल."

ते बराच वेळ छत्रीची मूठ फिरवत राहिले. "ही युक्ती माझीच हाय की..." एवढे बोलून ते उठले. ते गेले नाहीत. त्यांच्या शब्दावर थांबलेल्या शिक्षकांच्या घरी चुली होत्या, आणि त्या चुलींची त्यांना माहिती होती.

शेवटी बोर्ड नमले. कापलेला पगार परत मिळाला. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, तेवढ्यात दुसरा कागद आला. घरोघर जाऊन मुले आणणे हे यापुढे शिक्षकाचे कर्तव्य समजले जाईल आणि ज्याच्या वर्गाची हजेरी घटेल त्याच्या पगारातून कपात होईल. आजवर आम्ही मर्जीने करत होतो त्या कामाची किंमत आम्हीच बंद करून दाखवली होती. बोर्डाने ती पाहिली आणि काम आमच्या गळ्यात बांधले. पुढच्या सभेत बिराप्पा मास्तर म्हणाले, "आपणच पटवून दिलं त्यास्नी," आणि अध्यक्षपद सोडले.

दुसऱ्या सकाळी मी त्यांच्याबरोबर मल्लय्याच्या दारात होतो. छत्री आपटली. आतला रहाट थांबला. मल्लय्या बाहेर आला, त्याने नमस्कार केला, आणि आपल्या मोडक्या मराठीत शांतपणे म्हणाला, "पंतुलु, तुम्ही येईना झाला. पोरगी रहाटावर बसली. आता तिचा हात बसला." बिराप्पा मास्तर मान हलवून पुढच्या दाराकडे वळले. मागे रहाट पुन्हा फिरू लागला.

त्यानंतरही ते रोज त्या उंबऱ्यावर छत्री आपटत. पटावर त्या घरचे नाव नव्हते. राजव्वाचे लग्न झाले, नवरा त्याच घरी मागावर बसू लागला, मल्लय्या वारला. मास्तरांचे सुरूच. छत्री वाजे, राजव्वाचा रहाट थांबे, क्षणभराने पुन्हा सुरू होई. मी एकदा म्हणालो, इथे मूल नाही, उगीच वेळ जातो. "हुकमानं फिरतोय त्रैराशिक," ते म्हणाले. "येवढं एक दार बिनहुकमाचं ऱ्हाऊ द्या."

तेराव्यानंतर त्यांच्या पत्नीने ती छत्री मला दिली. तिचे टोक एका बाजूने झिजून तिरपे झाले आहे. त्यांची गल्लीही बोर्डाने माझ्याकडेच दिली आहे, कारण नियम आहे आणि मी नियमाने वागणारा माणूस आहे. पहिल्या सकाळी मुले पुढे घालून मी मल्लय्याच्या दाराशी पोहोचलो, तेव्हा न थांबता पुढे जायचे हे माझे ठरलेले होते. पण मी उंबऱ्याजवळ येण्याआधीच आतला रहाट थांबला. मी उभा राहिलो. मुलेही थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. आतून काही आवाज येईना... घंटेची वेळ जवळ येत होती. मी छत्रीचे टोक उंबऱ्यावर आपटले. थोड्या वेळाने रहाट फिरू लागला, आणि मग मी मुलांच्या मागून चालू लागलो.