आज्यांनी घेतलेली तोंडी परीक्षा

जव्हार-मोखाड्यातल्या आज्यांना पदवीच्या मुलांचे परीक्षक नेमणारी प्राध्यापिका जगात एकच झाली, आणि ती आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होती. मॅडम मूळच्या पुण्याच्या. कुणी नमस्कार केला की चेहऱ्याआधी नखं बघायच्या. दाभोसा गावाला जाणाऱ्या जीपमध्ये शेजारणीच्या हातातली गोळ्यांची पट्टी मागून घेत आणि मुदत संपलेली निघाली तर खिडकीतून भिरकावत. झेंडावंदनाच्या भाषणात प्राचार्य खोकले, तर पहिल्या रांगेतून आवाज आला, "सर, तोंडावर रुमाल!"

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्यांनी आरोग्याचा तास सुरू केला. पहिल्या वर्षी मुलांनी 'निर्जलीकरण' वगैरे सुरेख लिहिलं. "हे घरी कसं सांगशील?" असं विचारल्यावर मात्र सगळा वर्ग खाली बघायला लागला. तेव्हापासून नियम झाला: मुलांनी शिकलेलं घरच्या म्हाताऱ्या माणसाला घरच्या बोलीत सांगायचं, आणि बाजारच्या दिवशी त्या माणसाला कॉलेजात आणायचं. मूल व्हरांड्यात उभं, आजी खुर्चीवर, आणि प्रश्न आजीला. तिला सांगता आलं तर मूल पास. खोली रिकामी ठेवणं, रांग लावणं आणि चहा सांगणं कॉलेजच्या ऑफिसातर्फे माझ्याकडे होतं. प्राचार्य वैतागले, "विद्यापीठाला काय कळवू?" मॅडम म्हणाल्या, "बाहेरचे परीक्षक आलेत, असं कळवा."

सूर्यमाळच्या एका मुलीची आजी पहिल्या खेपेला स्पष्ट म्हणाली, "पोर भराभर बोलते. मना काय नाय समजला." मुलगी नापास झाली. रडली. मॅडमनी तिला खडीसाखर दिली, गुण दिले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात तिच्या भावाच्या तान्ह्याला जुलाब लागले. विहिरीत गढूळ पाणी, जीप सकाळीच गेलेली, आणि आजीने बाळाचं पाणी बंद केलेलं. "पाणी दिला तं आनखी व्हाईल गं!" बाळाचे डोळे खोल गेले होते. मुलगी या वेळी आजीशी सावकाश बोलली, "आये, मडकं गळतंय म्हणून तू भरायचं सोडतेस का? रिकामं मडकं उन्हात तडकतं." मग आजीनंच चूल पेटवून पाणी उकळलं. मीठ-साखरेचं पाणी दोघींनी चमच्याचमच्यानं पाजलं, बाळाच्या आईनं अंगावर पाजणं सोडलं नाही, आणि संध्याकाळच्या जीपनं बाळ दवाखान्यात पोचलं. डॉक्टर म्हणाले, वाटेत पाणी चालू होतं म्हणून वाचलं.

पुढच्या बाजाराला आजी बाळाला पाठीशी बांधून आली. "बाय, आता पोरीला पास कर." कुणीही केलं असतं. मॅडमनी खुर्चीकडे बोट दाखवलं, "बसा. मीठ किती घालायचं?"

"चाखून बघायचा. आसवांपेक्षा खारट नाय."

मॅडम खिडकीकडे वळल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. गुण मी लिहिले. त्या दिवशी आमच्या कॉलेजचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा कुठल्याही निकालानं वाटला नव्हता.

निवृत्त होऊन मॅडम पुण्याला परत गेल्या. मध्यंतरी तो जुलाबातून वाचलेला मुलगा मला बाजारात दिसला. शाळेचा गणवेश, आजीचा हात सोडून फुग्यांमागे पळत होता. मॅडम कोण हे त्याला ठाऊकही नाही. घरी आल्या आल्या मॅडमना फोन लावून हे सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "खूप पळतो का हो?"