आधी तुम्ही निघा!

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी गल्लीच्या तोंडाशी टँकरच्या लाईनीत, कडेवर बाळ, पुढं घागरींची रांग. आमचे हे अनवाणीच पळत आले. "शेटचा फोन आला. उदगीरला नवी दालमिल टाकलीय, मला तिकडं कायमचं बोलवायलेत. हे घर विकून तिकडं घ्यावं लागंल!"

मी म्हणलं, "आधी टँकर येऊ द्या!"

कुणी घर घेतं, कुणी विकतं. आम्ही दोन्ही एकदमच काढलं. त्या वर्षी आमच्याकडं पाणी सोडून सगळं साचलं, आणि सगळ्यात जास्त साचले ते हे किस्से. उदगीरच्या नव्या शेजारणींना सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहायला बसले. सातवीनंतर एवढं पहिल्यांदाच लिहायलेय. आज हसू येतं. तेव्हा मात्र एकच भीती होती. हे घर हातचं गेलं आणि ते मिळालंच नाही, तर दोन लेकरं घेऊन बसायचं कुठं?

*

घर बघायला येणारे घर बघतच नव्हते! मी आदल्या दिवशी देवळी पुसली, भिंतीवरचे परीचे पेन्सिलीचे कावळे खोडून काढले. परी म्हणजे आमची मोठी, चार वर्षांची. पण लोक चपला काढायच्या आत विचारायचे, "बोअर कुठंय?"

एक मास्तर आले. त्यांनी बोअरचं झाकण उघडलं, एक खडा आत टाकला आणि कान लावला. आम्ही सगळे गप्प. शेजारचे गप्प. गल्लीतलं कुत्रंसुद्धा गप्प. आवाज येईना.

शेवटी परी म्हणाली, "आई, खडा अजून जायलाच लागलाय का?"

मास्तर चहा न पिताच गेले.

*

मग एजंट रज्जाकभाई आले. फटफटीवरून उतरायच्या आतच हसायला लागले. "भाभी, फिकर नको! उदगीरला एक पार्टी हाय. बसवप्पा काका. नातवाला लातूरला क्लास लावायचाय, म्हणून उदगीरचं घर विकून लातूरला घ्यायचंय. तुमचं बरोबर उलटं! तुम्ही त्यांचं घ्या, ते तुमचं घेतील."

हे म्हणाले, "म्हणजे तुमचं एकाच चहात काम."

"चहा एक, दलाली दोन!" रज्जाकभाई म्हणाले.

*

काका-काकी आमचं घर बघायला आले. काकींचं नाव महादेवी. कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा. मी पाणी दिलं, अर्धा अर्धा ग्लास. त्या वर्षी लातुरात पाव्हण्याला अर्धाच ग्लास द्यायची पद्धत पडली होती, उष्टं राहून वाया जाऊ नये म्हणून.

काकी पिऊन त्यांच्या कानडी वळणानं म्हणाल्या, "गोड हाय की गं यव्वा! बोअरचं का?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी बाळाकडं. शेवटी म्हणलं, "नाही काकी. बोअर आटलंय. टँकरचं हाय. टँकर मात्र रोज येतो."

मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक! काकी उठल्या, मोरीत जाऊन आल्या, माजघरात फिरून आल्या आणि काकांना म्हणाल्या, "हेच घ्या. बोअरला पाणी कवा ना कवा येतं. खरं बोलणारं माणूस कवा भेटायचं?"

*

त्यांचं घर बघायला आम्ही उदगीरला गेलो. काकांनी ऐटीत बोअरची मोटार चालू केली. पाईपातून पाणी धो धो! पण लोकांनी मला घाबरवलं होतं, "उदगीरचं बोअर दाखवायपुरतं चालतंय." म्हणून मी बाळाला मांडीवर घेऊन पाईपाशेजारीच बसले.

काका म्हणाले, "बघितलं का? बंद करू?"

"थोडं अजून."

बादल्या भरल्या. रांजण भरला. हौद भरला. पाणी तुळशीला वळसा घालून अंगणभर झालं.

"थोडं अजून, काका."

काकी आतून ओरडल्या, "यव्वा, घर घ्यायलीस का रान भिजवायलीस?"

*

दोन्हीकडचा भाव ठरला. तेवढ्यात उदगीर जिल्हा होणार अशी बोंब उठली. ही बोंब तिथं दर दोन-चार वर्षांनी उठते म्हणे, पण आमच्या नशिबानं नेमकी तेव्हाच! काकांचा फोन आला, "आता ते जुनं ठरलेलं जमणार न्हाई. जिल्ह्याचं गाव व्हायलंय. कलेक्टर हापिस आमच्या घरापासून हाकेवर!"

ह्यांचं तोंड उतरलं. मी फोन घेतला. "बरं काका, जिल्ह्याच्या गावाला भाव जास्त, खरं ना?"

"मग!"

"मग लातूर तर कवाच जिल्हा झालंय. आमचाबी वाढवा!"

मग काका म्हणाले, "जिल्हा होऊ दे निवांत. आपलं ठरलंय तेच बरं."

*

कागदं झाली आणि खरी गंमत सुरू झाली. काका म्हणायचे, "आधी तुम्ही निघा, म्हणजे आम्ही सामान आणू." हे म्हणायचे, "आधी तुम्ही निघा. आम्ही लेकरं घेऊन कुठं जावं?" दोन्ही घरांचं सामान बांधून तयार, आणि कुणीच हलेना! मी पाळणा सकाळी सोडायची आणि संध्याकाळी परत बांधायची. एका तव्यावर पोळी, त्याच तव्यावर भाजी.

तोडगा रज्जाकभाईंनी काढला. "रेल्वेसारखं क्रॉसिंग करू! दोन टेंपो एकाच टायमाला निघतील. नळेगावला चहाच्या हॉटेलावर गाठ. चाव्यांची अदलाबदल. खलास!"

ठरलेल्या दिवशी ह्यांनी फोन लावला, "निघालाव का?"

काका म्हणाले, "पार निघालोत! अर्ध्या वाटंला हावोत!"

मागून काकींचा आवाज आला, "अहो, ते कपाट तेवढं उचला की!"

हे म्हणाले, "आम्हीबी अर्ध्या वाटंलाच हावोत." आणि स्टुलावर चढून पंखा काढायला लागले.

*

नळेगावला आम्ही आधी पोचलो. नव्या घरात भरल्या घागरीनं पाऊल टाकावं म्हणतात. शिवाय लेकरांचा जीव, पाण्याचा काय भरवसा! म्हणून अख्खी वाट मी भरली घागर मांडीवर धरून बसले होते.

समोरून दुसरा टेंपो आला. काकी उतरल्या. त्यांच्या कडेवर फडकं बांधलेली भरली घागर!

काकींनी माझ्या घागरीकडं बघितलं, मी त्यांच्या.

"बोअर दाखवलं होतं ना तुला? भिजली होतीस की!"

"आणि मी टँकर रोज येतो म्हणलं नव्हतं का?"

काकी पोट धरून हसल्या. "आण ती इकडं. लातूरचं पाणी लातूरला जाऊ दे, उदगीरचं उदगीरला." घागरींची अदलाबदल झाली. चहा झाला. काकींनी बाळाचा मुका घेतला, परीच्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवला. टेंपो निघाले.

उदगीरला दारात उतरलो. मागून फटफटीवर रज्जाकभाईबी आले. ह्यांनी खिशात हात घातला आणि चाव्या काढल्या. लातूरच्या घराच्या!

डोक्यावर ऊन, कडेवर बाळ, परीला झोप आलेली, सामान रस्त्यावर आणि दाराला कुलूप. ज्याला भ्यायले तेच झालं! काकींना फोन लावला.

काकी म्हणाल्या, "ओढ की गं कुलूप! नुसतं अडकवलंय. तू लेकरं घेऊन येणार, दार बंद ठेवू व्हय?"

ओढलं. उघडलं.

मग काकींनी विचारलं, "तुमच्याबी कुलपाला ओढू का?"

मी म्हणलं, "काकी, तिकडं मी दोन लावलीत. दोन्ही पक्की."

"दोन? आत काय ठेवलंयस यव्वा, पाणी?"

रज्जाकभाई चाव्या घेऊन फटफटीवर लातूरला पोचेपर्यंत काकी आमच्याच ओट्यावर बसून होत्या, अख्ख्या गल्लीला घागरीतलं पाणी पाजत. पूर्ण ग्लास!

तुमच्यापैकी कुणी लातूरकडं जाणारं असेल, तर आमच्या जुन्या गल्लीत काकींना तेवढा निरोप द्या. म्हणावं, घागर भरलेली आहे. कवाबी या. कुलूप नुसतं अडकवलेलं असतं.