रथसप्तमीपर्यंत

संक्रांतीला तिळगुळाचा पाक उतरवताना पातेलं कलंडलं. आईच्या उजव्या हाताची बोटं आणि माझा डावा हात एकदमच भाजला. पाक एकच, चटकाही सारखाच. माझी खपली आठवड्याभरात पडली, खाली गुलाबी कातडी आली. आईच्या बोटांवरची पट्टी तशीच राहिली.

आईने हळदीकुंकू रथसप्तमीवर ढकललं. तो शेवटचा दिवस. तोवर बोटं बरी होतील, आपल्या हाताने कुंकू लावता येईल, अशी तिला आशा होती. डाव्या हाताने कुंकू लावत नाहीत. रोज सकाळी पट्टी सोडून ती विचारायची, "भरतंय ना गं?" मी "हो" म्हणायचे.

डॉक्टरांनी शुगर तपासली. नव्हती. म्हणाले, "वयाने होतं हे. नवी कातडी धरायला वेळ लागतो." हे मी शाळेत शिकले होते, इंग्रजीतून, चित्रासकट.

रथसप्तमीलाही पट्टी होतीच. आईने कुंकवाचा करंडा माझ्याकडे दिला. माझा बरा झालेला हात दिसू नये म्हणून मी लांब बाह्यांचा ड्रेस घातला होता. खारबावच्या मावशीने करंडा धरलेल्या हातावरची बाहीच वर सरकवली.

"बघू गं. तुझा तर डागबी न्हाय. न् आईचं अजून ओलंच हाय?"

लाइट गेल्यामुळे पलीकडच्या गल्लीतले कापडाचे लूम बंद होते, म्हणून मागची कुजबुजही ऐकू आली. "शुगर असेल. सांगत नसतील."

"सगळा जोर लेकीनंच नेला, आईला काय ठेवला न्हाय," मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या. आईही हसली.

शुगर नाही, वयामुळे पेशी सावकाश वाढतात, एवढंच मला सांगायचं होतं. पण डोक्यात सगळे इंग्रजी शब्दच येत होते. त्यांचं मराठी जुळवेपर्यंत विषय कुणाच्या तरी साडीवर गेला. मी खाली बघत कुंकू लावत राहिले. एकीचं तर भुवईवर लागलं.

बायका गेल्यावर आईने कपाळ पुढे केलं. "मला राहिलंच की."

मी लावलं. मग तिने माझा डावा हात पट्टीतल्या बोटांनीच धरून खिडकीकडे वळवला आणि त्या गुलाबी जागेवर अंगठा फिरवला.

"छान भरलाय," ती म्हणाली.

मला हात काढून घ्यायचा होता. तिच्या बोटांना हिसका बसेल म्हणून तसाच राहू दिला.