एकच नंबर दोघांना

संपानंतर गिरणीने बाबांना परत घेतलं नाही, हे एक वेळ गिळता येतं. पण त्यांच्या बिल्ल्याचा नंबर परस्पर दुसऱ्याला देऊन टाकला, याची चीड मला आजही येते. पुढे गिरणी कामगारांच्या घरासाठी त्यांनी केलेला अर्ज परत आला: या नंबरवर दुसऱ्याचं नाव आहे. खिडकीतला कारकून म्हणाला, "काका, नंबरच तर आहे, होतं असं." बाबा पितळी बिल्ला मुठीत धरून उभे, आणि हा म्हणे होतं असं!

मी नोकरीला लागलो तो लोअर परळलाच, गिरणीच्या जागेवर उठलेल्या काचेच्या इमारतीत. हॉस्पिटलच्या मशीनमधून जाणारे पेशंटचे रिपोर्ट कोणाला वाचता येऊ नयेत, असा कोड सी भाषेत लिहायचा होता. एक काउंटर, म्हणजे एकेकाने वाढत जाणारा आकडा, ठेवायचा, त्याचा प्रत्येक आकडा गुप्त किल्लीने घुसळायचा आणि जे निघेल ते रिपोर्टवर चढवायचं. अट एकच: एका किल्लीवर एक आकडा एकदाच वापरायचा. दोन रिपोर्टना तोच आकडा गेला, की दोन्ही एकमेकांशी ताडून आतलं उघडं करता येतं.

आणि मी दीडशहाण्याने काउंटर ठेवला साध्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत. मशीन बंद करून चालू केलं की किल्ली तीच आणि आकडा पुन्हा शून्यापासून! माझ्या लक्षात आलं तेव्हा परळच्या एका हॉस्पिटलात मशीन तीन महिने चालू होतं.

"कोण बघतंय रे? आकडाच तर आहे," साहेब म्हणाले. "पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप टाक."

माझं टाळकंच फिरलं. साहेबांवर ओरडलो, पण थोबाडीत मारावीशी वाटली ती स्वतःच्याच. वापरण्याआधी आकडा कायमच्या मेमरीत लिहून ठेवायची सोय केली आणि अपडेट त्याच दिवशी पाठवायला लावलं. गुपचूपच.

रविवारी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. चूक वेळेत निस्तरली, याची थोडी फुशारकीही होती.

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "आधी गेले त्या रिपोर्टांचा काय?"

"ते गेले. आता काही करता येत नाही."

"त्या लोकांका सांगलंस?"

मी भात कालवायला लागलो.

"माका पण कोणी सांगूक नाय," बाबा म्हणाले आणि ताटावरून उठले.

मला त्यांचाही राग आला. मग तसाच खरकट्या हाताने बसून राहिलो. सोमवारी साहेबांना न विचारता हॉस्पिटलला पत्र लिहिलं, आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं.